तीनशे अठरा गाड्यांची रांग

१

सोमवारी सकाळी नऊ वाजता नाहिदने राळेगावच्या जिनिंगमधला कॉम्प्युटर सुरू केला, तेव्हा कापसाच्या तीनशे अठरा गाड्यांची रांग नाहीशी झालेली होती.

गाड्या होत्या. आवारात होत्या, आवाराबाहेर होत्या, पार नाल्याच्या पुलापर्यंत होत्या. बैल होते, गाडीवान होते, तीन दगडांच्या चुली होत्या. नव्हती ती फक्त रांग. कारण सावली पाहून जो तो गाडी सोडायचा, आणि कोणाचा नंबर कितवा हे एकट्या कॉम्प्युटरला ठाऊक असायचं. पूर्वी इथे कागदी चिठ्ठ्या देत. पुढे सात नंबरच्याच अकरा चिठ्ठ्या निघाल्या, तेव्हा शेठजींनी चिठ्ठ्या बंद करून कॉम्प्युटर आणला. आता गाडीवानाने नाव सांगायचं, नाहिदने ते यादीत घालायचं, आणि भोंग्यावर पुकारा होईपर्यंत बैलांसकट वाट पाहायची. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, असं शेठजी सांगत. तो काहीच बोलला नाही तर काय करायचं, ते मात्र सांगायचं राहून गेलं होतं.

जानेवारी २००६ मधली ही गोष्ट. कापसाचे हाल पाहायला त्या वर्षी मुंबई-दिल्लीहून इतकी माणसं येत होती, की जिल्ह्यातल्या लॉजवाल्यांचा तरी हंगाम चांगला गेला. पाहणी करणाऱ्यांच्या गाड्या रांगेत न थांबता पुढे निघून जात. कापसाच्या गाड्या थांबत.

मंगळवारी दहाच्या एसटीने रहेमान मिस्त्री यवतमाळहून उतरला, तेव्हा जिनिंगचा मॅनेजर फुलचंद फाटकापाशीच उभा होता.

"मिस्त्री, एका दिवसानं येऊन राह्यले तुम्ही."

"तुमचा फोन आज सकाळी आला."

"काल पोरीले विचारपूस करण्यातच दिवस गेला. चार वाजता शेठजी येतात. पोरीले कामावरून काढायचं तं ठरलंच आहे. पोलिसात देयाचं का नाही, तेवढं तुम्ही पाहून सांगा."

रहेमानने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली. मशीन बिघडलं की मिस्त्री बोलवायचा आणि मिस्त्री येईपर्यंत माणसाला दोषी ठरवून मोकळं व्हायचं, ही पद्धत त्याने बऱ्याच कचेऱ्यांत पाहिली होती. त्याने विचारलं, "प्रोग्राम बिघडला का?"

"बिघडला नाही," फुलचंद म्हणाला. "कोणी काढून नेला."

२

रहेमान साठीचा. आयुष्यभर त्याने टाइपरायटर दुरुस्त केले. टायपिंगचे क्लास बंद पडले तेव्हा तो कॉम्प्युटरकडे वळला आणि त्यातलंही एक असं काम त्याने धरलं, जे दुसरं कोणी करत नव्हतं. प्रोग्राम काढून टाकला, तरी तो पुरता जात नाही. कॉम्प्युटरच्या पोटात रजिस्ट्री नावाची एक मोठी वही असते, तिच्यात त्याच्या नोंदी तशाच राहतात. खिडकी केवढी उघडायची, प्रिंटर कोणता, शेवटची फाईल कुठे ठेवली. मालक निघून गेला, पण त्याच्या सवयी मागे राहिल्या, असा तो प्रकार. रहेमान त्या एकेक शोधून झाडून काढायचा. स्वतःच्या घरी रेशन कार्डावरून वारलेल्या बायकोचं, हजराबीचं नाव काढायला मात्र त्याला चार वर्षांत वेळ झाला नव्हता.

या जिनिंगमध्ये तो दर महिन्याला यायचा. रांगेचा प्रोग्राम शेठजींनी नमुन्याचा म्हणून घेतला होता. तो तीस दिवस चालायचा आणि मग संप करायचा. रहेमानने यायचं, यादी बाजूला काढून ठेवायची, प्रोग्राम काढायचा, त्याच्या जुन्या नोंदी झाडायच्या, म्हणजे आपण इथे पूर्वी राहिलो होतो हे प्रोग्राम विसरायचा, आणि परत टाकला की पुढचे तीस दिवस नव्या नवरीसारखा नांदायचा. असं सव्वा वर्ष चाललं. मागच्या महिन्यात शेठजींना अचानक अब्रूची आठवण झाली आणि त्यांनी पक्की कॉपी विकत घेतली. रहेमानने ती टाकून दिली. त्यानंतर त्याला इथे यायचं काही कारण उरलं नव्हतं.

चपला बाहेर काढून तो आत गेला. नाहिद खुर्चीत नव्हती, खिडकीशी उभी होती. चोवीस-पंचवीसची मुलगी. रडून झालेलं होतं.

"चाचा, खुर्चीत बसू नको म्हणतात फुलचंदभाऊ. पुरावा खराब होते म्हणे."

"खुर्चीत कायचा पुरावा? बस."

ती बसली नाही. "पासवर्ड माह्याजवळ, म्हणून चोर मी. मी काहून करीन? घरी अम्मी आणि दोघी बहिणी माह्या पगारावर आहेत. चोरीचं नाव लागलं का राळेगावात दुसरं काम भेटत नाही, अन् राळेगावच्या बाहेर अम्मी जाऊ देत नाही."

"पासवर्ड काय आहे?"

"एक दोन तीन चार."

"मंग तं अर्ध्या जिल्ह्याजवळ आहे." त्याने चष्मा लावला. "खोलीची किल्ली?"

"वजनकाट्याच्या खोलीत खिळ्याला. सगळ्यायले माहीत आहे."

रविवारी खरेदी बंद असते. त्या दिवशी कोण कुठे होतं हे विचारण्यात अर्थ नव्हता. तीनशे गाड्यांच्या आवारात सगळेच सगळीकडे असतात. रहेमानने वही उघडली.

पहिलीच गोष्ट त्याला चमत्कारिक वाटली. प्रोग्राम कोणी रागाने उडवला नव्हता. रीतसर, नियमाने काढला होता. पण मागची झाडलोट केलीच नव्हती. खिडकीचं माप जागच्या जागी होतं, प्रिंटरचं नाव होतं, शेठजींच्या पक्क्या कॉपीचा नंबरसुद्धा होता. आणि सगळ्यात खाली आणखी एक नोंद होती. प्रोग्राममध्ये यादीची नक्कल ठेवायचं एक बटण होतं, आणि शेवटची नक्कल कुठे ठेवली ते प्रोग्राम लिहून ठेवायचा.

रहेमानने नोंद वाचली. पुन्हा वाचली. मग त्या जागी जाऊन पाहिलं.

एका कोपऱ्यात एक पिवळी पेटी होती. तिच्यात तीनशे अठरा नावं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, जशीच्या तशी. वेळ: रविवार, दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. कोणीतरी आधी रांग जपून बाहेर काढून ठेवली होती, आणि मग प्रोग्राम काढला होता.

३

"भेटली?" नाहिदने विचारलं.

"भेटली. बाहेर बोलू नको."

"काहून? सांगून टाका ना चाचा."

"सांगतलं तं फुलचंद म्हणन, हिनंच लपवली अन् भ्याली म्हणून हिनंच काढून देली. यादी भेटून तुह्यं भलं होत नाही. कोणी ठेवली ते भेटलं पाह्यजे."

फुलचंद गोदामात कापसाची बोंडं चुरगाळून प्रत पाहत होता. रहेमानने त्याला खोलीत बोलावलं आणि पडद्यावरची एक ओळ दाबायला सांगितली. फुलचंदने खिशातली पेन्सिल काढली आणि दोन फुटांवरून ती ओळ दाखवली.

"ते उंदीर मी धरत नाही," तो माऊसकडे पाहत म्हणाला. "विजेचं काम आहे ते."

"प्रोग्राम आला तवा तुमची अडचण झालती म्हणतात."

"कोण म्हणते?" फुलचंद थांबला. "झालती. खोटं कायले बोलू? पह्यले चार लोकायच्या गाड्या मी पुढं घेत होतो. जावई आहे, साडभाऊ आहे. आता जावई मले पाहून रस्ता बदलते. पण मिस्त्री, मले काढायचाच असता तं मी ते खोकं उचलून विहिरीत टाकलं असतं."

हे रहेमानला पटलं. फुलचंद खोटं बोलायचा. पण त्याला न जमणारं काम त्याने केलं, असं म्हणणं अन्याय होता.

दुसरा संशय फुलचंदनेच पुरवला होता: वडकीकडचा घनश्याम. चाळीस एकरांचा धनी, कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केलेला, आणि रांगेत दोनशे चौदावा. रविवारी तो दोनदा कॉम्प्युटरच्या खोलीपाशी दिसला होता. तो स्वतःच तणतणत आत आला.

"मिस्त्री, माह्यावर शक घेऊन राह्यले म्हणे. सरका." त्याने नाहिदचा कीबोर्ड ओढला आणि उभ्याउभ्या दहाही बोटांनी प्रशासनाच्या निषेधाचा अर्ज टाइप केला. अर्ध्या पानाचा, तारखेसकट. "छापून द्या. रविवारीही मी असाच अर्ज छापून घ्यायले आलतो, रांग हलत नाही म्हणून. माह्यासमोर कुलूप होतं."

"रांग मोडली तं तुमचा फायदाच ना? दोनशे चौदा नंबर तुमचा."

"फायदा? पह्यले दोनशे तेराच लोक होते माह्यापुढं. आता तीनशे सतरा उभे राह्यतीन. हिशेब तुम्हीच करा."

जाताना त्याने फाईलला नाव दिलं, जिथे ठेवली ती जागा मोठ्याने वाचून दाखवली आणि पुरावा म्हणून तीनदा जतन केली. माणूस व्यवस्थित होता. रहेमान त्याच्या बोटांकडे पाहत राहिला.

मग तो काट्याच्या खोलीत गेला. वजनकाट्यावरचा खेमसिंग तीस वर्षं याच खोलीत राहत होता. तांड्यावरचं घर मुलाने विकलं, मुलगा पुण्याला गेला, बायको त्याआधीच गेली होती. हंगामात गाड्या आल्या की आवारात चार महिने बोलणं असायचं. एरवी काटा, तो, आणि काट्यावर बसणारे कावळे. रहेमान यायचा त्या दिवशी काम एक तासाचं असायचं आणि चहा तीन तासांचा.

चहा तयारच होता. दोन ग्लास.

"बसा रहेमानभाई. महिना झाला."

"महिना अन् चार दिवस."

खेमसिंगने नाहिद कशी आहे, ते विचारलं. मग म्हणाला, "होईन ना नीट? तुम्ही आधी ती पिवळी पेटी काढता, मंग सगळं काढता, मंग परत घालता. दर बारीले होते ना नीट."

"होते."

"मंग झालं तं." खेमसिंगने ग्लास खाली ठेवला. "पोरीले उगंच बोलून राह्यले. मले नाही वाटलं असं होईन."

रहेमान परत निघाला. आवार ओलांडून खोलीच्या पायरीशी आला तेव्हा नाहिद भांडं घासत होती.

"खेमसिंगकाकाचं आहे," ती म्हणाली. "काल दूध नासलं त्यायचं. सकाळी सातलेच तांड्यावरून आणलं होतं. एरवी कोराच चहा पेतात. तुम्ही येणार त्या दिवशीच दूध आणतात. काल तुम्ही आलेच नाही."

रहेमान पायरीवर तसाच उभा राहिला. मग त्याने विचारलं, "खोली तू किती वाजता उघडली?"

"नऊले."

सात वाजता राळेगावात कोणालाही ठाऊक नव्हतं, की मिस्त्रीला बोलवायची वेळ येणार आहे.

४

तो खुर्चीत बसला आणि त्याने पिवळ्या पेटीकडे पुन्हा पाहिलं.

तो स्वतः यादी काढून ठेवताना पेटीला नेहमी त्या दिवसाची तारीख टाइप करून नाव द्यायचा. इथे तशा पंधरा पेट्या ओळीने होत्या. ही सोळावी. तिला नाव नव्हतं. कॉम्प्युटर जन्मतः जे नाव देतो, तेच तिच्यावर होतं: न्यू फोल्डर.

"हे कोणी केलं असन, नाहिद? विचार कर. ज्याले रांग मोडायची होती, तो यादी कायले जपून ठेवीन? म्हणून हे दुश्मनाचं काम नाही. फुलचंदचं भलं यादी मेल्यावर होतं. अन् त्याचा हात माऊसले लागतच नाही. घनश्यामनं ठेवली असती तं पेटीले नाव, गाव अन् तारीख देऊन ठेवली असती. तुह्यी बोटंही कीबोर्डवर चालतात. तुले बिननावाची ठेवायचं काय काम? अन् झाडलोट राह्यली, कारण ती वही उघडायले इंग्रजी शब्द टाइप करा लागते."

"म्हणजे माऊस येते पण लिहिता येत नाही असा?"

"चित्रं पाहून शिकला असा. कोणाच्या तरी मागं उभं राहून, चहाचा ग्लास हातात घेऊन, पंधरा बाऱ्या."

नाहिदच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. "काका? पण काहून? त्यायले काय भेटलं?"

हा प्रश्न रहेमान मघापासून टाळत होता. रहस्यात शेवटी विचारायचं असतं, फायदा कोणाचा झाला. फुलचंदचा झाला नाही, घनश्यामचा नाही, नाहिदचा तर जीवच टांगणीला लागला. रांग गेल्याने जगात एकच बरी गोष्ट घडली होती. यवतमाळहून एक म्हातारा दहाच्या एसटीने आला आणि तो दुधाचा चहा प्यायला.

चाळीस वर्षं लोकांनी त्याला मशीनसाठी बोलावलं होतं. माणसासाठी मशीन बिघडवल्याचं हे पहिलंच उदाहरण, आणि त्यात गुन्ह्याचं कारण म्हणून त्याचं स्वतःचं नाव लागत होतं.

बाहेर शेठजींच्या गाडीचा हॉर्न वाजला. साडेतीनच वाजले होते.

५

खेमसिंग काट्याच्या पाटीवर उभा होता. रहेमान त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. काट्याने दोघांचं मिळून एकशे नऊ किलो दाखवलं.

"दूध नासलं म्हणे काल."

खेमसिंग म्हणाला, "मले वाटलं, सकाळी फोन करतीन, दहाले तुम्ही यान, बारापर्यंत सगळं जागेवर. यादी तं काढून ठेवलीच होती मी. एका दिवसाचीही खोटी झाली नसती कोणाची. ह्या फुलचंदनं फोनच केला नाही."

"तोंड काहून नाही उघडलं मंग?"

"भेलो. तीस वर्षं झाली. काढलं तं जाऊ कोठी?" तो काट्याकडे पाहत बोलत होता. "तुम्ही मागच्या बारीले म्हणले, आता पक्की कॉपी झाली, आता माह्यं काम नाही. पिशवी उचलली अन् गेले. मी फाटकापर्यंत आलतो. तुम्ही मागं पाह्यलं नाही."

त्या दिवशी मागे न पाहण्याचं कारण रहेमानलाही होतं. पण ते सांगायची ही वेळ नव्हती. शेठजी गाडीतून उतरत होते.

खोलीत सगळे जमले. दारात घनश्याम छापलेला अर्ज घेऊन उभा राहिला, त्याच्या मागे जमतील तेवढे गाडीवान. शेठजींनी नाहिदकडे न पाहता विचारलं, "मिस्त्री, या पोरीनं केलं ना?"

"नाही शेठजी. चूक माही आहे."

फुलचंदची पेन्सिल खाली पडली.

"मागच्या महिन्यात पक्की कॉपी टाकली, तवा जुन्या नमुन्याचं सगळं झाडलं नाही मी. घाई केली. आत जुनं अन् नवं एकमेकांशी लागलं. दोघायचं पटलं नाही, अन् प्रोग्राम आपला आपण निघून गेला. यादी मले जुन्या नोंदीतूनच भेटली. हे पाहा." त्याने कळ दाबली. पंधरा मिनिटांपूर्वीच परत बसवलेला प्रोग्राम पडद्यावर उघडला आणि तीनशे अठरा नावं खाली सरकत गेली. दारातून कोणीतरी "छप्पन! मी छप्पन!" असं म्हणालं आणि गर्दी हलली.

कॉम्प्युटरच्या आत असं भांडण लागत नाही, हे खोलीत फक्त रहेमानला आणि घनश्यामला ठाऊक होतं. घनश्यामने तोंड उघडलं, पडद्यावर आपलं नाव दोनशे चौदाव्या जागी पाहिलं, आणि कोर्समध्ये शिकलेलं सगळं त्या क्षणापुरतं विसरला.

"शेठजी, मी—" खेमसिंग पुढे आला.

"यानं मले तवाच म्हणलं होतं," रहेमान त्याच्याकडे न पाहता म्हणाला, "का नीट झाडा, भाई. मीच ऐकलं नाही."

शेठजींना यातलं काही समजलं नाही, पण एक दोषी मिळाला होता आणि तो बाहेरगावचा होता. त्यांचं समाधान झालं. त्यांनी नाहिदला बसायला सांगितलं. सकाळपासून पहिल्यांदा ती खुर्चीत बसली. मग ते रहेमानकडे वळले. "चाळीस वर्षं काम केलं तुम्ही. आता पुरे. या आवारात परत पाय ठेवायचा नाही."

"बरं," रहेमान म्हणाला आणि चपला घालायला गेला.

भोंग्यावर नाहिदचा आवाज आला, एक नंबर, मग दोन. तिसऱ्या नावाला तिचा आवाज जरा फाटला आणि मग सरळ झाला.

स्टँडवर पाचची एसटी लागलेली होती. खेमसिंग तिथे आधीच येऊन उभा होता. तीस वर्षांत चालू काटा सोडून तो पहिल्यांदाच आवाराबाहेर आला असावा. लोक त्याच्याकडे वळून पाहत होते.

"पोरीले मी सगळं सांगतलं," तो म्हणाला. "ती म्हणे, काका, मले विचारलं असतं तं मीच फोन केला असता त्यायले." मग तो एसटीच्या चाकाकडे पाहत राहिला. "आता तुम्हाले येताच येत नाही."

"नाही येत."

"माह्याच्यानं झालं."

"तुले कोणी मना केलं का पण? रविवारी सुट्टी असते तुह्यी. यवतमाळले ये. स्टँडच्या मागं दुकान आहे, कोणालेही विचार, टाइपरायटरवाला म्हण. ती पाटी अजून काढली नाही मी."

"असा कसा येऊ? काही काम नाही, काही नाही." खेमसिंगला खरंच अवघड वाटत होतं. "माह्याजवळ तं कॉम्प्युटर नाही."

कंडक्टरने घंटी मारली. रहेमान पायरीवर चढला आणि दांडा धरून त्याने थोडा विचार केला.

"रेडिओ आहे?"

"आहे. पण चांगला चालते तो."

"थोडा बिघडव," रहेमान म्हणाला. "मले रेडिओतलं काही समजत नाही. दहा-बारा चकरा तं लागतीनच."